चार घशांचे कोतवाल आणि साळूबाईचे कान

एका जंगलात, बाळांनो, ऐकणारे पुष्कळ होते आणि ओरडणारा एकच होता.

ओरडणारा म्हणजे हुप्पाजी वानर. जंगलाच्या मधोमध एक जुनं बेहड्याचं झाड होतं, त्याच्या शेंड्यावर तो बसायचा. कुठे पाणी आटलं, कुठे उंबर पिकले, कुठे गवत पेटलं, सगळं त्याला वरून दिसायचं. मग तो एकेकाला हाक मारून ज्याचा निरोप त्याला सांगायचा.

एकेकालाच, कारण घसा एकच. आधी वाघमहाराज, मग प्रधान रानगवा, मग बाकीची बडी मंडळी. त्यात मधेच म्हातारं कासव यायचं. कासवाला एकेक अक्षर सुटं करून सांगावं लागे. ते मान बाहेर काढणार, समजून घेणार, पुन्हा विचारणार. तोवर बाकीचं जंगल ताटकळत बसायचं.

बरं, निरोप तरी कामाचे असावेत? महाराज रोज सकाळी झाडून साऱ्या प्रजेला 'सुप्रभात' पाठवायचे. प्रधान त्याला एक सुविचार जोडायचे. डुकरांकडचं बारसं, कोल्ह्यांकडचं डोहाळजेवण, मोराने काल किती छान नाच केला हे मोराचं स्वतःचं मत, सगळं त्या एका घशातून जायचं. वणव्याची बातमी आली तर तिनेही रांगेतच उभं राहायचं. जंगल शिस्तीचं होतं.

या रांगेच्या शेवटी होती साळूबाई. साळूबाई म्हणजे साळिंदरीण. पूर्वेच्या उतारावर कुसळीच्या गवतात तिचं बीळ होतं. उताराच्या खाली ओढा, वर काळा कातळ. चैत्रात ती कुसळी अशी वाळायची की नुसतं बघितलं तरी पेटेल असं वाटावं.

गेल्या चैत्रात ती पेटली. हुप्पाजीने निरोप दिला, नाही असं नाही. पण सुप्रभात, सुविचार, बारसं आणि कासव आटोपून तो साळूबाईपर्यंत पोचला तेव्हा बिळात धूर शिरला होता. धुरात तिला कळेना, आग कुठल्या अंगाने येतेय. ती पिल्लाला घेऊन ओढ्याकडे धावली, आणि आग ओढ्याकडूनच येत होती. ती परत फिरली. पिल्लू फिरलं नाही.

यंदा तिला दोन नवी पिल्लं झाली होती. तिला सुप्रभात नको होतं, सुविचार नको होता. वणवा लागला तर तो कुठून येतोय एवढं वेळेवर कळावं, इतकीच तिची मागणी होती. ती तिने तीनदा दरबारात मांडली. प्रधानांनी तीनही वेळा मान हलवली, पण ती माशी उडवण्यासाठी.

मग एक दिवस जंगलात उदाजी आला.

उदाजी हे उदमांजर. अंगाला सुगंध, जिभेवर साखर. तो या जंगलातलं त्या जंगलात विकायचा आणि त्या जंगलात चाललं नाही ते या जंगलात आणायचा. त्याच्याबरोबर चार काळे कोतवाल पक्षी होते. लांब दुभंगलेल्या शेपट्या, लाल डोळे. बेहड्याच्या चार फांद्यांवर ते चौघे ओळीने बसले.

उदाजी म्हणाला, "महाराज, एक घसा गेला, चार घसे आले. चौघांना चार वेगळे निरोप, आणि तेही एकाच वेळी. कुणाचं कुणात मिसळणार नाही."

"चौघे एकदम ओरडले तर गोंगाट होईल," प्रधान म्हणाले. आयुष्यात ते एकदाच बरोबर बोलले, ते हे.

"करूनच दाखवतो," उदाजी म्हणाला.

त्याने जमलेल्या प्राण्यांतल्या चौघांना चार दिशांना पाठवलं. ससा ओढ्यापलीकडे गेला, भेकर टेकडीवर, मुंगूस बांबूच्या बेटात. साळूबाई आपल्या उतारावर बिळाशी जाऊन बसली. मग कोतवालांनी नुसतीच एक हाक दिली आणि चौघांना विचारलं, "कसं ऐकू आलं?"

साळूबाईने होतं तसं सांगितलं. "डावीकडचा आवाज आधी आला. उजवीकडचा मागून, जरा बारीक. मधल्या दोघांचा कातळावर आपटून आला."

कोतवालांनी मान डोलावली आणि चौघे एकदम गाऊ लागले. झाडाखाली उभे होते त्यांना नुसता कलकलाट ऐकू आला. प्रधानांनी कान मिटले. पण उतारावर साळूबाईच्या कानाशी कुणीतरी अगदी जवळ येऊन बोलावं तसं आलं, "बाई, कातळामागे कंद मऊ झालेत. पिल्लांना घेऊन जा."

दुसरा एक शब्द नाही. सशाचा नाही, भेकराचा नाही. साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला कुणी एवढं नेमकं काही सांगेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आता हे झालं कसं, असं तुम्ही विचाराल. विचारा. जंगलात कुणी विचारलं नाही.

तळ्यात दोन खडे टाका, बाळांनो. दोन्हीकडच्या लाटा पसरत पसरत एकमेकींना भेटतात. एखाद्या जागी चढावर चढ येतो आणि पाणी दुप्पट उसळतं. दुसऱ्या जागी एकीचा चढ आणि दुसरीचा उतार जुळतात आणि पाणी सपाट राहतं. कोतवाल हेच आवाजाचं करत होते. चौघेही चारही निरोप म्हणायचे, पण कुणी अंमळ आधी, कुणी अंमळ नंतर. ते असं बेतायचे की सशाच्या कानाशी सशाचा निरोप उसळावा आणि बाकी तीन सपाट व्हावेत. साळूबाईच्या कानाशी साळूबाईचा. तुमच्या घरी कपाटावर ती दिवे लुकलुकणारी पेटी आहे ना, शेपट्या उभारून बसलेली? ती घरातल्या तीन-चार फोनांना एकदम निरोप देते तेही असंच.

पण त्यासाठी पथ्यं असतात. ती उदाजीने सांगितली. मोबदल्याचे आंबे मोजून घेतल्यावर, पाठ फिरवता फिरवता, तोंडातल्या तोंडात सांगितली.

"एकमेकांपासून लांब लांब बसा. सारखी जागा बदलू नका. आणि कोतवालाने 'कसं ऐकू आलं' विचारलं की खरं सांगा. आणि कासवासारख्या म्हातारबांना एकेकट्यानेच सांगावं लागेल, त्यांना हे नवं जमायचं नाही."

टाळ्यांच्या कडकडाटात हे कुणालाच ऐकू गेलं नाही. हुप्पाजीला सल्लागार नेमलं आणि झाडावरून खाली उतरवलं.

आता या जंगलाच्या दोन जुन्या चाली सांगतो, म्हणजे पुढचं रडगाणं कळेल.

पहिली चाल अशी की मोठा तो, जो खोडाजवळ बसतो. महाराज खोडाला टेकून बसत. त्यांच्याजवळ प्रधान, प्रधानांजवळ रानडुक्कर, त्याच्याजवळ कोल्हा. सोयरीक जुळवताना मुलीकडचे पहिला प्रश्न विचारत, "मुलगा खोडापासून किती लांब?"

दुसरी चाल त्याहून भारी. मोठ्याने पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. पहिल्या हाकेला धावतात ते ससे. मोठ्याने मान वळवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, "काय म्हणालास?" महाराज तर तिसऱ्या हाकेनंतरच ऐकायचे. त्यांच्या वडिलांना म्हणे पाचवी लागायची.

कोतवालांना हे ठाऊक नव्हतं. ते परक्या जंगलातले, कामाशी काम ठेवणारे.

पहिल्याच दिवशी थोरल्या कोतवालाने प्रधानांना विचारलं, "सरकार, सुरुवात करू का? तुम्ही, ओढ्यापलीकडचा ससा, टेकडीवरचं भेकर आणि उतारावरच्या साळूबाई. चौघांना एकदम देतो."

प्रधानांचं रवंथ थांबलं. "एकदम म्हणजे?"

"एकाच वेळी."

"म्हणजे मला ऐकू येत असेल तेव्हा साळिंदरीलाही ऐकू येणार?"

"तुमचं तुम्हाला, तिचं तिला. तुमच्या निरोपातला एक शब्द कमी होणार नाही."

"शब्दांचं राहू दे. वेळ तीच?"

"वेळ तीच, सरकार."

"मग मी प्रधान कशाला झालो?"

याचं उत्तर तुम्हाला तरी सुचलं असतं का?

लगेच हुकूम निघाला. एकदम सेवा फक्त बरोबरीच्यांना. आता बरोबरीचे कोण, यावर खोडाजवळ वाद झाला. डुक्कर म्हणालं, मी प्रधानांच्या खालोखाल. कोल्हा म्हणाला, मी डुकराच्या वरचढ. मोर म्हणाला, माझी कुणाशी बरोबरीच होऊ शकत नाही. शेवटी असं ठरलं की या जंगलात कुणी कुणाच्या बरोबरीचा नाही. तेव्हा आधीसारखंच एकेकाला सांगावं, फक्त चार घशांनी.

म्हणजे बघा. चार घसे आणले चौघांसाठी, आणि चारही लावले एका गव्याच्या कानाला.

त्यात आणखी एक गंमत झाली. कोतवाल चांगले, म्हणजे त्यांच्या जवळ जावं, म्हणजे आणखी चांगलं ऐकू येईल, असं सगळ्यांनी ताडलं. जो तो आपलं बिऱ्हाड उचलून बेहड्याखाली आला. टेकडीवरचं भेकर आलं, बांबूतलं मुंगूस आलं. ससाही आला आणि डुकराच्या पोटाखाली जागा धरून बसला. एकमेकांचे कान एकमेकांना लागायला लागले.

थोरला कोतवाल काकुळतीला आला. "अहो, जरा लांब बसा. एका जागी दहा कान असले तर मी एकाच्या कानात घालीन ते दहांच्या कानात जाईल. मला तुम्ही वेगळे ओळखूच येत नाही."

"आम्ही वेगळे ओळखू येत नाही?" मोर म्हणाला आणि त्याने पिसारा उभारला. "ही उद्धट जात आहे."

शिवाय प्रत्येक निरोपाआधी कोतवालांना विचारावं लागे, कसं ऐकू आलं. आणि खोडाजवळून प्रत्येक वेळी एकच उत्तर येई, "काय म्हणालास?" मग पुन्हा हाक, पुन्हा विचारणं. विचारण्यातच सकाळ जायची. हुप्पाजी दुपारपर्यंत जे आटपायचा, ते आता दिवेलागणीला आटपेना. घोडं पेंड खात होतं कुठे, ते सगळ्यांना दिसत होतं. पण ते आपल्याच गोठ्यातलं आहे, हे कबूल कोण करणार?

उतारावर एकटी साळूबाई उरली होती. पिल्लं लहान, बीळ सोडवत नव्हतं. तिला कोतवालाची हाक लख्ख ऐकू यायची आणि ती लख्ख उत्तर द्यायची. पण तिचा निरोप येईतो रात्र पडायची, कारण ती मोठ्यांपैकी कुणाच्या बरोबरीची नव्हती.

तिचा नवरा साळोबा मात्र खोडाकडे जायला लागला होता. पार कडेला, मोराच्या शेपटीमागे त्याने एक पाय टेकवण्यापुरती जागा मिळवली होती. घरी आला की तो नाकाने कांदे सोलायचा.

"अगं, तू पहिल्या हाकेला ओ देतेस म्हणे."

"ऐकू येतं, म्हणून देते."

"हळू बोल. लोक काय म्हणतील? साळोबाची बायको पहिल्या हाकेला ऐकते. मला मोराने विचारलं, तुमच्याकडे सगळेच ऐकतात का?"

"अहो, वणवा लागला तर मला कळायला नको?"

"म्हणूनच सांगतो. ज्याला ऐकू येतं त्याला कोण विचारतंय? प्रधान म्हणतात, साळिंदरीची तक्रार नाही, तिला शेवटी ठेवा. तू म्हण, ऐकू येत नाही. दोन दिवस म्हण. तिसऱ्या दिवशी तुझं नाव मोठ्यांत येतं की नाही बघ."

साळूबाई रात्रभर विचार करत राहिली. तिला खोटं बोलायची हौस नव्हती. पण गेल्या चैत्रातला धूर तिच्या नाकातून गेला नव्हता, आणि यंदाचा चैत्र लागला होता. खरं बोलून शेवटचा नंबर मिळत असेल, तर त्या खऱ्याचं तिने काय लोणचं घालायचं होतं?

दुसऱ्या दिवशी कोतवालाने विचारलं, "बाई, कसं ऐकू आलं?"

साळूबाईने मान वळवली. डोळे अर्धे मिटले. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण ती म्हणाली, "काय म्हणालास?"

कोतवाल गोंधळला. त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "आवाज उजवीकडून येतोय. डावीकडचा येतच नाही."

तिसऱ्या दिवशी तिचा नंबर खरोखरच वर आला. डुकराच्या मागोमाग. साळोबाने त्या दिवशी कडेवरून दोन पावलं आत सरकून घेतलं.

पण कोतवाल बिचारे, तिने सांगितलं तेच खरं मानून सूर बेतू लागले. जिथे उसळायला हवं तिथे सपाट झालं आणि जिथे सपाट हवं तिथे उसळलं. एकाचा निरोप कातळावर घुमत असतानाच दुसऱ्याचा येऊन थडकायचा, त्यामुळे उतारावर आता येत होता नुसता कचरा. तिच्या निरोपाचं शेपूट, त्यात डुकराच्या निरोपाचं धड, वर मोराची स्तुती. एक ना धड, भाराभर चिंध्या. पूर्वी तिला उशिरा का होईना, पण स्वच्छ ऐकू यायचं. आता वेळेवर आणि काहीच कळेना असं येऊ लागलं. आणि मोठ्या लोकांत आल्यावर, नीट येत नाही अशी तक्रार करायची सोयही राहिली नव्हती. तशी खोटी तक्रार करूनच तर ती तिथे आली होती.

चैत्रातली एक दुपार होती. वारा तापलेला होता. महाराज झोपले होते. खोडाजवळ सगळे एकमेकांच्या घामात बसले होते. तेवढ्यात थोरल्या कोतवालाला पूर्वेकडे धूर दिसला.

तो प्रधानांना म्हणाला, "सरकार, वणवा."

प्रधानांनी मान वळवली, डोळे अर्धे मिटले. "काय म्हणालास?"

"वणवा लागलाय, सरकार. कातळाकडून खाली उतरतोय. वारा इकडेच आहे."

"काय म्हणालास?"

बाळांनो, प्रधानांना ऐकू आलं नव्हतं असं समजू नका. शब्द आणि शब्द ऐकू आला होता. त्यांच्या शेपटीचा गोंडा थरथरत होता. पण शेजारी डुक्कर बसलं होतं, आणि डुकरापुढे दुसऱ्या हाकेला उठायचं म्हणजे घराण्याची अब्रू जायची. डुक्कर कोल्ह्याकडे बघून बसून राहिलं. कोल्हा मोराकडे बघून. ससा तेवढा थरथर कापत होता, पण आता तो खोडाजवळचा होता, त्यामुळे तोही म्हणाला, "काय म्हणालास?"

आणि नियम होता. मोठ्यांचं झाल्याशिवाय पुढच्याला सांगायचं नाही.

उतारावर साळूबाईच्या कानात रोजचा कचरा आला. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. मग नाकात वास आला. तो वास तिला वर्षभर पाठ होता. तिने पिल्लांना पोटाशी घेतलं आणि बिळाच्या तोंडाशी आली. धूर चारी बाजूंनी होता, आग कुठेच दिसत नव्हती. गेल्या वर्षी ओढ्याकडून आली होती. म्हणजे आता वर, कातळाकडे पळायचं. तिने दोन पावलं टाकलीही.

मग ती थांबली. तिला वाटलं, मी पुन्हा अंदाजाने पळतेय. गेल्या वेळी अंदाजानेच पळाले होते.

ती मान वर करून ओरडली. "कोतवालदादा, मी खोटं बोलत होते. मला ऐकू येतं. डावीकडचं आधी येतं, उजवीकडचं मागून येतं. मधल्या दोघांचं कातळावर आपटून येतं. मी जागची हलत नाही. आता सांगा."

एवढ्या गर्दीत खरं सांगणारा एकच आवाज होता, तो कोतवालाने लगेच ओळखला. त्याने प्रधानांकडे पाहिलं. प्रधान तिसऱ्यांदा "काय म्हणालास?" म्हणत होते. थोरल्या कोतवालाने बाकीच्या तिघांना खूण केली. प्रधानांच्याच वेळात, प्रधानांच्या निरोपाबरोबर, चौघांनी सूर जरासे सरकवले.

आणि साळूबाईच्या कानाशी अगदी जवळून आलं, "बाई, कातळाकडे जाऊ नका. आग तिथूनच येतेय. ओढ्यात उतरा. आत्ता."

ती वळली आणि पिल्लांना पुढे घालून खाली धावली. मागे कातळाच्या अंगाची कुसळी सरसर पेटत आली. तिघं ओढ्याच्या डबक्यात नाकापर्यंत बुडून राहिली. आग वरून गेली. धाकट्याचे दोन काटे करपले. त्याला तिने जिभेने इतकं चाटलं की शेवटी तो चिडला.

बेहड्याखाली काय झालं? चौथ्या हाकेला महाराज उठले. महाराज उठले म्हटल्यावर प्रधान उठले, प्रधान उठले म्हटल्यावर डुक्कर उठलं. उठायलाही रांग होती. रांगेच्या शेवटच्यांवर पेटलेल्या फांद्या पडल्या. महाराजांच्या मिशा गेल्या. प्रधानांच्या शेपटीचा गोंडा गेला. मोराचा पिसारा गेला आणि साळोबाचे पाठीवरचे सगळे काटे गेले. कासव गेलं. ससा गेला. आणखी किती गेले, ते प्रधानांनी मोजलं नाही, कारण ते खोडापासून लांबचे होते.

मग चौकशी झाली.

"चार घसे असून आम्हाला ऐकू कसं आलं नाही?" प्रधानांनी विचारलं.

थोरला कोतवाल म्हणाला, "सरकार, तुम्हाला तीनदा सांगितलं."

"मग तिसऱ्यांदा नीट सांगायला काय झालं होतं? आणि तिला कसं ऐकू गेलं?" प्रधानांनी शेपटीच्या बुडख्याने साळूबाईकडे बोट केलं.

साळूबाई पुढे आली. ओल्या अंगाने, दोन्ही पिल्लं कुशीत. ती म्हणाली, "सरकार, मी लांब होते. जागेवर होते. आणि शेवटी का होईना, मी त्यांना खरं सांगितलं, म्हणून मला ऐकू आलं. तुम्हीही सांगा. सगळ्यांना एकदम ऐकू येईल."

करपलेल्या मोराने घसा खाकरला.

"म्हणजे प्रधानांच्या वेळात हिने निरोप घेतला," कोल्हा म्हणाला.

"प्रधानांच्याबरोबर," डुक्कर म्हणालं.

"म्हणजे आम्हाला जे ऐकू यायचं होतं," प्रधान हळूहळू म्हणाले, आणि त्यांना विचार सुचल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसला, "ते हिने ऐकून टाकलं."

सगळ्यांना पटलं. किती सोपं होतं. चार घसे होते, कान शेकडो होते, आणि जंगलात एकटीच जिवंत पोरं घेऊन उभी होती. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर संन्यासी असा समोरच हवा.

निकाल लागला. साळिंदरीने उतारावर राहायचं नाही. यापुढे तिने सर्वांबरोबर खोडाखाली राहावं, म्हणजे तिला एकटीला काही ऐकू येणार नाही. कोतवालांना ताकीद मिळाली. आणि उदाजीला निरोप गेला की चार घसे कमी पडले, आठ आण.

उदाजी आठ घेऊन आला. येताना वाटेतच त्याने पथ्यं सांगून टाकली, म्हणजे झाडाखाली सांगायला नकोत.

साळूबाई बेहड्याखाली आली. अर्धं झाड काळं होतं. साळोबाने तिला ओळख दाखवली नाही, कारण बिनकाट्यांचा असला तरी तो आता आतल्या ओळीत होता. ती कडेला बसली. एका बाजूला डुकराची पाठ, दुसऱ्या बाजूला कोल्ह्याचं शेपूट. आठ कोतवालांनी सकाळची हाक दिली आणि विचारलं, "कसं ऐकू आलं?"

थोरल्या पिल्लाने मान वर केली. "छान ऐकू आ..."

साळूबाईने त्याच्या तोंडावर पंजा दाबला. डुक्कर बघत होतं. कोल्हा बघत होता. पिल्लू पंजाखालून आईकडे बघत होतं. डबक्यात नाकापर्यंत बुडून त्याने ज्या आईचं ऐकलं होतं, तीच ही आई. तिने मान सावकाश वळवली. डोळे अर्धे मिटले.

"काय म्हणालास?" साळूबाई म्हणाली.

प्रधानांनी रवंथ थांबवून तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"अरे, सरका जरा," ते डुकराला म्हणाले. "बाईसाहेबांना आत जागा द्या."

साळूबाई पिल्लांना घेऊन आत सरकली.

तात्पर्य: चौघांना एकदम ऐकू जाईल अशी सोय जंगलात जरूर आणावी. मात्र त्यामुळे चौघे बरोबरीचे आहेत असा कुणाचा समज होऊ देऊ नये. आणि बाळांनो, हाक कितीही स्वच्छ ऐकू आली तरी चारचौघांत कबूल करू नका. ऐकल्याने फार तर जीव वाचतो. जागा मिळते ती न ऐकल्यानेच.